धूमकेतूचा फोटो आणि उत्तरेचा उजेड

2024 सालच्या ऑक्टोबर महिन्यात एक चित्र पुष्कळांच्या फोनवर येऊन गेले असेल. खाली काळी झाडे किंवा बर्फाचे डोंगर, वर हिरव्या आणि तांबूस उजेडाचा पडदा, आणि त्या पडद्याच्या कडेला शेपूट वर करून उभा असलेला धूमकेतू. नॉर्वे, आइसलँड यांसारख्या दूर उत्तरेच्या देशांतून अशी चित्रे त्या महिन्यात पुष्कळ आली. आमच्याकडच्या एका मुलीने ते चित्र शाळेत आणून गुरुजींना विचारले, "हे आपल्या चिंचोळीहून काढता येईल का? आणि येत नसेल, तर हे खरे कशावरून?"

प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. पहिल्याचे उत्तर असे की, त्या चित्रातला धूमकेतू चिंचोळीहून टिपता येत होता. तो उजेडाचा पडदा मात्र येत नव्हता. दुसऱ्या प्रश्नाला थोडा वेळ लागेल.

आधी धूमकेतूचे पाहू. आपल्याकडे म्हातारी माणसे त्याला शेंडेनक्षत्र म्हणत. तो नक्षत्र नव्हे, ताराही नव्हे. बर्फ, गोठलेले वायू आणि धूळ यांचा काही किलोमीटर रुंदीचा मळकट गोळा, एवढाच त्याचा मूळ ऐवज. सूर्याच्या जवळ आला की बर्फाची एकदम वाफ होते, धूळ सुटते, आणि सूर्याचा उजेड व सूर्यवारा त्या पसाऱ्याला मागे लोटतात. म्हणून शेपूट नेहमी सूर्याच्या उलट दिशेला असते. धूमकेतू सूर्याकडे चाललेला असो वा सूर्यापासून परतत असो, शेपटीची दिशा त्याच्या चालीवर नव्हे, सूर्यावर ठरते. शेपट्याही बहुधा दोन असतात. एक धुळीची, पांढुरकी-पिवळसर आणि जरा वाकलेली; दुसरी विद्युत्भारित वायूची, निळसर आणि सरळ. निळी शेपटी डोळ्यांना सहसा दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

2024 सालच्या त्या धूमकेतूचे नाव त्सुचिनशान-ॲटलास. चीनमधल्या पर्पल माउंटन वेधशाळेने तो जानेवारी 2023 मध्ये पहिल्यांदा टिपला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ॲटलास दुर्बिणीने फेब्रुवारीत स्वतंत्रपणे हेरला, म्हणून हे जोडनाव. 27 सप्टेंबर 2024 रोजी तो सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे पावणेसहा कोटी किलोमीटरांवर पोचला, आणि 12 ऑक्टोबरला पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे सात कोटी किलोमीटरांवर आला. तारीख पाहिलीत का? त्या दिवशी दसरा होता. सीमोल्लंघनाला माणसे गावाबाहेर पडली होती, पण मान वर करून पश्चिमेला पाहिले किती जणांनी, कोण जाणे.

पाहणाऱ्यांची अडचणही खरीच होती. दसऱ्याच्या आसपास तो मावळतीच्या उजेडात अगदी खाली होता. रोज थोडा थोडा वर चढू लागला, तोवर चांदणे भरत आले, आणि 16 तारखेला कोजागरी. म्हणजे खाली असताना संधिप्रकाश आडवा आणि वर आल्यावर चंद्र आडवा. त्यात परतीच्या पावसाचे ढग. मुलांना "उद्या दाखवतो, उद्या दाखवतो" म्हणून सांगितलेल्या शिक्षकांची त्या आठवड्यात काय फजिती झाली असेल, ते ज्याचे त्याला ठाऊक. पण वाट होती, आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली होती. 20 ऑक्टोबरला संकष्टी चतुर्थी. संकष्टीला चंद्र केव्हा उगवतो हे घरातल्या उपास करणाऱ्या बाईला पाठ असते. त्या दिवशी चंद्रोदय आठ वाजून गेल्यावर होता आणि सूर्य सहा वाजून काही मिनिटांनी मावळत होता. म्हणजे सात ते आठ हा तासभर चंद्र नाही, संधिप्रकाश नाही, आणि धूमकेतू पश्चिमेला बराच वर. फिका झालेला, पण काळोखात. उपास सोडायला चंद्राची वाट पाहणाऱ्यांनी पश्चिमेला तोंड करून वाट पाहिली असती, तर काम झाले असते. पौर्णिमेनंतरची तिसरी-चौथी संध्याकाळ ही युक्ती पुढच्या कोणत्याही संध्याकाळच्या धूमकेतूला चालेल.

आता जागेचे पाहू. चिंचोळीची औद्योगिक वसाहत सोलापूरहून पुण्याकडे जाताना हमरस्त्यालगत लागते. कारखान्यांच्या आवारातले दिवे रात्रभर जळतात, रस्त्यावर मालमोटारींची रांग, हवेत धूळ आणि धूर. तारे पाहायला ही जागा वाईट, असे कोणीही म्हणेल. पण जरा दिशेचा विचार करा. सोलापूर शहराचा मोठा उजेड येथून आग्नेयेला, म्हणजे पाठीमागे राहतो. पश्चिमेला मोहोळकडचा उघडा मुलूख आहे. वसाहतीच्या पूर्वेला उभे राहिलात तर साऱ्या कारखान्यांचे दिवे तुमच्या आणि धूमकेतूच्या मध्ये येतील; पश्चिमेच्या कडेला, शेताच्या बाजूला गेलात, तर तेच दिवे पाठीला जातील. एवढ्या एक-दोन किलोमीटरांच्या चालण्याने जो फरक पडतो, तो महागड्या कॅमेऱ्याने पडत नाही. एखादी इमारत, गंज किंवा ऊसच आडोशाला मिळाला तर फारच उत्तम. याहून काळोख हवा असेल तर नान्नजच्या बाजूचे माळ आहेत. तेथे माळढोकाच्या अभयारण्याची हद्द सोडून उभे राहावे, रात्री आत शिरू नये. आणि कोठेही जा, जागा दिवसा पाहून ठेवा. आपल्याकडच्या पुष्कळ विहिरींना कठडे नाहीत, आणि ऑक्टोबरात गवतात काय असेल ते सांगता येत नाही.

डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मध्येच कोणी फोनचा पांढरा उजेड पेटवला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. विजेरीला पतंगाचा लाल कागद दुहेरी बांधा. लाल उजेडाने डोळे तितके बिघडत नाहीत. आणि धूमकेतूकडे थेट टक लावण्यापेक्षा त्याच्या जरा बाजूला पाहा, तो अधिक स्पष्ट दिसेल. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

तो शोधायचा कसा? ऑक्टोबर 2024 च्या मध्याला पश्चिमेला खाली शुक्र ठळक होता आणि त्याच्या उजवीकडे, वायव्येला, स्वातीचा तारा. पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी धूमकेतू या दोघांच्या मधल्या भागात होता, नंतर वर सरकला. कोन मोजायला हातासारखे साधन नाही. हात पुढे ताणून मूठ धरली की तिची रुंदी आकाशात सुमारे दहा अंश भरते. "शुक्राच्या वर दोन मुठी, उजवीकडे एक मूठ" असे सांगितले की मुलाला बरोबर सापडते. बोट दाखवून "तो बघ, तो बघ" केल्याने कोणालाच काही दिसत नाही.

आता फोटो. यात मोठे शास्त्र नाही, पण एक गोष्ट पक्की समजली पाहिजे. दिवसाच्या फोटोत कॅमेऱ्याचे दार सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापुरते उघडते. रात्री उजेड इतका थोडा की ते काही सेकंद उघडे ठेवावे लागते. तेवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये. तिवई असेल तर ठीक. नसेल तर दोन विटा आणि ज्वारीची अर्धी भरलेली पिशवी यांवर फोन असा टेकतो की वाऱ्यानेही हलत नाही. बटण बोटाने दाबले तरी चित्र हलते, म्हणून फोनमधला तीन किंवा दहा सेकंदांचा टायमर लावावा.

मग दार कितीही वेळ उघडे का ठेवू नये? कारण आपण फिरत आहोत. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश तासाला पंधरा अंश सरकते, म्हणजे चार मिनिटांना एक अंश. जास्त वेळ दार उघडे राहिले की ताऱ्यांचे ठिपके ओढले जाऊन रेघा होतात. यासाठी छायाचित्रकारांचा एक ढोबळ हिशेब आहे. पाचशेला भिंगाच्या मिलिमीटरांनी भागावे, तेवढे सेकंद. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाला दहा सेकंद, पंच्याऐंशीला सुमारे सहा. फोनचे नेहमीचे भिंग जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याच्या मापाने सव्वीसच्या आसपास धरतात, म्हणजे एकोणीस सेकंदांपर्यंत चालेल. मी तरी दहाच्या पुढे जाऊ नये असे म्हणेन. सातवीच्या गणिताच्या तासाला हा हिशेब घ्या, उदाहरणसंग्रहातल्या पाण्याच्या टाकीपेक्षा मुले अधिक मन लावून करतील.

फोनच्या 'प्रो' भागात आयएसओ 800 ते 1600, वेळ चार ते दहा सेकंद, आणि फोकस अनंतावर. फोकस पक्का करायला आधी शुक्रावर किंवा दूरच्या एखाद्या दिव्यावर पाहून घ्या. हा भाग फोनमध्ये नसेल तर रात्रीचा जो प्रकार दिलेला असतो तो लावा. तो अनेक छोटे फोटो एकावर एक रचून एक करतो आणि बऱ्यापैकी काम देतो. ऑक्टोबरात भिंगावर दंव धरते, ते मऊ सुती कापडाने टिपावे, फुंकर मारू नये. फुंकरीने आणखी ओल बसते. एक इशारा द्यायला हवा. सूर्य पुरता मावळल्याशिवाय दुर्बीण किंवा मोठे भिंग त्या बाजूला वळवू नका. धूमकेतू सूर्याच्या जवळच असतो, आणि भिंगातून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी डोळा जातो.

त्या धूमकेतूच्या काही फोटोंत 14 ऑक्टोबरच्या सुमारास एक बारीक कुसळ सूर्याकडे तोंड केलेलेही दिसले. मग वर सांगितलेला नियम खोटा? नाही. त्या दिवसांत पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या पातळीतून जात होती. मागे सांडलेली धूळ आपल्याला कडेने दिसली, जशी जमिनीवर पसरलेली सतरंजी डोळा जमिनीला लावून पाहिली तर एक रेघ दिसते. सूर्याकडे शेपूट वळल्याचा तो केवळ भास होता.

हे झाले धूमकेतूचे. आता उत्तरेचा तो पडदा. त्याला ध्रुवीय प्रकाश म्हणतात. सूर्यावर मोठा स्फोट झाला की विद्युत्भारित कणांचा लोट सुटतो आणि दीड-दोन दिवसांत पृथ्वीपाशी येतो. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे, ती तो लोट अडवते. त्या झटापटीत चुंबकीय क्षेत्राला पीळ बसतो, आणि त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांच्या वाटेने ध्रुवांकडच्या हवेत वेगाने उतरतात. हवेच्या अणूंना धक्का बसला की ते उजेड टाकतात. शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवरचा प्राणवायू हिरवा उजेड देतो, दोनशे किलोमीटरांच्या वरचा तांबडा. हा फरक का, तर तांबडा उजेड टाकायला त्या अणूला दीड-दोन मिनिटे निवांतपणा लागतो. खाली हवा दाट असते. तेवढ्या वेळात दुसरा अणू येऊन आपटतो आणि उजेड राहून जातो. फार वर, विरळ हवेत, त्याला तो वेळ मिळतो.

यावरून आपल्या प्रश्नाचे उत्तर निघते. पृथ्वी वाटोळी आहे. चारशे किलोमीटर उंचीवरचा उजेड फार तर सुमारे 2,200 किलोमीटरांवरून क्षितिजाला टेकलेला दिसू शकतो. हिरवा उजेड खाली असल्याने त्याहून बऱ्याच कमी अंतरावरून. म्हणून दक्षिणेकडच्या माणसाला दिसलाच तर पडद्याचा वरचा तांबडा काठ तेवढा दिसतो. 10 मे 2024 रोजी दोन दशकांतले सर्वांत जोरदार चुंबकीय वादळ झाले, तेव्हा लडाखमधल्या हानले येथील भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी असाच तांबडा उजेड टिपला. पुन्हा 10 ऑक्टोबरच्या रात्री, नवरात्रात, हानलेलाच तो टिपला गेला. हानले समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरांच्या आसपास, आकाश काळेभोर, हवा कोरडी. तरी तेथेही तो मुख्यतः कॅमेऱ्यालाच दिसला. आणि हानले चिंचोळीच्या उत्तरेला सुमारे 1,700 किलोमीटर. तेथे जो क्षितिजाशी लाल धूसर डाग, तो येथे कोठून दिसणार? शिवाय चुंबकीय ध्रुव कॅनडाच्या बाजूला कललेला असल्याने आपण नकाशावर दिसतो त्याहूनही दक्षिणेला पडतो.

तेव्हा सोलापूरच्या आकाशात हिरवे-जांभळे पडदे दाखवणारा फोटो कोणी पाठवला, तर तो बनवलेला आहे किंवा ढगावर पडलेला कुठल्या तरी दिव्यांचा उजेड आहे, असे खुशाल समजा. कारखान्याचे किंवा बागेत रात्री लावलेले दिवे खालच्या ढगांवर विलक्षण रंग टाकतात.

पण "कधीच नाही" असे मात्र म्हणता येत नाही, आणि या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ती हीच. 4 फेब्रुवारी 1872 च्या रात्री सूर्याच्या वादळाने असा कहर केला की ध्रुवीय प्रकाश मुंबईतून दिसल्याची बातमी तेथल्या वर्तमानपत्रात छापून आली. मुंबई-एडन समुद्री तारेवरचे संदेश त्या वेळी बिघडले. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसूच्या हेलकावे खात होत्या. त्याआधी 2 सप्टेंबर 1859 रोजी, ज्ञात इतिहासातल्या एका फार मोठ्या वादळात, त्याच वेधशाळेत माणसांनी दर काही मिनिटांनी डोळ्यांनी वाचून आकडे लिहून ठेवले. ते वादळ केवढे होते हे ठरवायला जगातले शास्त्रज्ञ आजही कुलाब्याचे ते आकडे काढून पाहतात. पुढे मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार, त्या विजेने सूच्या बिघडणार, म्हणून 1904 मध्ये हे चुंबकीय काम अलिबागला हलवले. ते तेथे अजून चालू आहे. म्हणजे ध्रुवीय प्रकाश आपल्याला दिसत नसला, तरी तो आणणारे प्रत्येक वादळ अलिबागच्या उपकरणांना कळते.

आणि आपल्या जिल्ह्याचेही थोडे सांगतो, कारण पुष्कळांना ते ठाऊक नसते. 22 जानेवारी 1898 चे खग्रास सूर्यग्रहण टिपायला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तळ ठोकला तो करमाळा तालुक्यातल्या जेऊरला. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तेथेच आले होते. जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी एवढी यंत्रे रेल्वेने आणून, माळावर उभी करून, काचेच्या पट्ट्यांवर फोटो घेतले गेले. सोलापूर-पुणे गाडीने जाताना जेऊर स्टेशन लागते. मुलांना खिडकीतून दाखवा.

आता त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. कॅमेऱ्याला जे रंग दिसतात ते डोळ्याला दिसत नाहीत, मग फोटो खोटा की डोळा? आपल्या डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडासारख्या पेशींना अगदी मंद उजेड पुरतो, पण रंग कळत नाही. चांदण्या रात्री तांबडे लुगडे काळे दिसते ते यामुळेच. म्हणून उत्तरेच्या देशांत राहणाऱ्यालाही मंद ध्रुवीय प्रकाश पांढुरक्या ढगासारखा दिसतो, आणि फोटोत तोच हिरवागार होतो. डोळा काही क्षणांपलीकडे उजेड साठवू शकत नाही. कॅमेरा दहा सेकंदांचा उजेड एकत्र गोळा करतो. रांजणात थेंब थेंब पाणी साठावे तसे. तेव्हा रंग खरे असतात, फक्त ते आपल्या डोळ्यांच्या आवाक्यातले नसतात. नंतर कोणी रंग चढवून भडक केले, तर तो मात्र त्या माणसाचा उद्योग.

दोन्ही एका चित्रात घेणाऱ्याची कसरतही लक्षात घ्या. पडदा आकाशभर पसरतो, त्याला रुंद भिंग लागते. रुंद भिंगात धूमकेतू नखाएवढा होतो. पडदा सतत हलतो, त्यासाठी दोन-चार सेकंदच दार उघडायचे. धूमकेतू मंद, त्याला जास्त वेळ हवा. बाहेर थंडी अशी की कॅमेऱ्याची बॅटरी तासाभरात मान टाकते, म्हणून दुसरी बंडीच्या आतल्या खिशात उबेला ठेवतात. अशा चित्रात धूमकेतू फार मोठा आणि पडदा फार रेखीव दिसला, तर दोन फोटो जोडले असावेत असा संशय घ्यायला जागा आहे. शेपूट मावळत्या सूर्याच्या उलट आहे का, एवढे तर पहिलीतल्या पोरालाही तपासता येते.

धूमकेतू येतच राहतील. 2020 च्या जुलैत निओवाइज आला तेव्हा आपल्याकडे पावसाळी ढग होते. 2025 च्या दिवाळीत, अगदी अमावास्येच्या सुमारास, लेमन नावाचा धूमकेतू पृथ्वीच्या जवळ आला होता. आकाश काळोखी होते, पण तो फटाक्यांच्या धुरातून शोधावा लागला. त्सुचिनशान-ॲटलास आता हजारो वर्षांत परतायचा नाही, कदाचित कधीच नाही. हॅलेचा धूमकेतू 1986 मध्ये येऊन गेला, तो 2061 मध्ये पुन्हा येईल. आज पहिलीत बसलेली मुले तेव्हा चाळिशीत असतील.

फोटो निघाला की त्याच्याखाली वहीत पाच गोष्टी लिहायला लावा: तारीख, घड्याळातली वेळ, उभे राहण्याची जागा, कोणत्या दिशेला तोंड होते, आणि दार किती सेकंद उघडे होते. ढगांमुळे काही दिसले नाही तर तेही वेळ घालून लिहायचे. कुलाब्याच्या त्या लोकांनी 1859 मध्ये आकड्याशेजारी वेळ लिहिली होती, म्हणून ते आज वाचता येतात.